शाळेतील बिनतारी जोडणी व उपकरणांची ओळख

खेड्यातील शाळेत आंतरजालाची जोडणी आली म्हणजे तिच्याबरोबर दोन किंवा चार शिंगांची एक लहान पेटी येते आणि बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटावर स्थानापन्न होते. ह्या पेटीस ॲक्सेस पॉइंट असे म्हणतात. लहान शाळांतून तीच राउटरचेही काम करते. जोडणी तारेची असती तर तार जेथे संपते तेथेच प्रवेशाची जागा संपली असती, आणि खोलीला कुलूप लावले की काम भागले असते. बिनतारी लहरींचे तसे नाही. त्या भिंतीतून पार होतात, कुंपण ओलांडतात आणि शाळेसमोरच्या पारावर बसलेल्या माणसाच्या खिशातील फोनपर्यंत जाऊन पोचतात. म्हणून कुलपाची जागा दुसऱ्या एका गोष्टीने भरून काढावी लागते. जे उपकरण जोडणी मागते ते खरोखरच शाळेचे आहे काय, ह्याची पेटीने स्वतः खात्री करून घ्यावयाची असते. ह्या क्रियेस उपकरणाची ओळख पटविणे किंवा प्रमाणीकरण म्हणतात.

खात्री करून घेण्याचे साधन पेटीत मुळातच असते. ते नीट बसविले जात नाही, हीच अडचण आहे. परवलीचा शब्द एखाद्या शिक्षकाने सोयीसाठी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवला, तर तो मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांना पाठ होतो आणि संध्याकाळपर्यंत गावात पोचतो. मग दुसरीच्या वर्गात टॅबलेटवर कवितेचा पाठ लावला की चित्र अडकते, कारण त्याच वेळी कुंपणापलीकडे दहा-बारा फोन चित्रपट उतरवून घेत असतात. शिक्षक टॅबलेटला दोष देतात, मुले कंटाळतात, आणि महिन्याभरात ते उपकरण कपाटात जाऊन बसते.

पाठ अडखळणे हे झाले दिसणारे नुकसान. न दिसणारे त्याहून मोठे आहे. शाळेच्या संगणकात मुलांची जन्मतारीख, आईवडिलांची नावे, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँकेचे तपशील असे पुष्कळ साठलेले असते. यू-डायससारख्या सरकारी संकेतस्थळांशी चालणारे दळणवळण स्वतंत्रपणे कूटबद्ध केलेले असल्यामुळे ते वाटेत सहसा वाचता येत नाही. परंतु एकदा परके उपकरण शाळेच्या जाळ्यात शिरले की त्याच जाळ्यातील संगणकाच्या सामाईक ठेवलेल्या फायली, छपाईयंत्र व खुद्द पेटीचे नियंत्रणपान ही सर्व त्याच्या आवाक्यात येतात. शिवाय जोडणी शाळेच्या नावे असते. तिचा उपयोग करून कोणी काही गैर केले, तर चौकशी प्रथम ज्याच्या नावे जोडणी त्याच्याच दारी येते.

कुलपाचा इतिहास

बिनतारी जाळ्याचे मूळ प्रमाण १९९७ साली ठरले व त्यातच डब्ल्यूईपी नावाची संरक्षणपद्धती होती. २००१ साली फ्लुहरर, मँटिन व शमीर ह्या तीन संशोधकांनी तिच्यातील दोष उघड केला, आणि पुढे काही मिनिटांत ती उघडता येऊ लागली. तात्पुरता उपाय म्हणून २००३ साली डब्ल्यूपीए व त्यानंतर २००४ साली अधिक भक्कम अशी डब्ल्यूपीए-२ ही पद्धती आली. २०१८ साली डब्ल्यूपीए-३ जाहीर झाली. पेटीच्या नियंत्रणपानावर ही नावे एकाखाली एक दिसतात, आणि कोणते निवडावे ह्याविषयी गोंधळ होतो, म्हणून एवढा इतिहास सांगावा लागतो. पहिल्या दोहोंचा आता विचारच करू नये. निवड शेवटच्या दोहोंतच करावयाची आहे.

मुलांना समजेल असा पाठ

ओळख पटविण्याची क्रिया कशी चालते हे शिक्षकांना नेमके कळावे आणि पाचवी ते सातवीच्या मुलांनाही कळावे, ह्यासाठी एक खेळ फार उपयोगी पडतो. त्याला साहित्य काहीच लागत नाही.

एका मुलीला द्वारपाल करावे. दुसऱ्या एका मुलाला पाहुणा करावे. दोघांच्या कानात एकच गुप्त संख्या सांगावी, समजा, ३७. वर्गातील इतर सर्व मुले म्हणजे पारावर बसलेली माणसे. ती सर्व काही ऐकतात. आता पाहुण्याने आपल्याला गुप्त संख्या ठाऊक आहे हे सिद्ध करावयाचे, पण ती उच्चारावयाची मात्र नाही. हे कसे साधावे, असा प्रश्न प्रथम वर्गाला विचारावा व थोडा वेळ थांबावे. मुले नाना युक्त्या सुचवितात. त्या ऐकून घेण्याजोग्या असतात.

नंतर रीत सांगावी. द्वारपाल आपल्या मनाने कोणतीही एक संख्या मोठ्याने म्हणते, समजा, ४६. पाहुणा ४६ ला ३७ ने मनात किंवा पाटीवर गुणतो, १७०२ हे उत्तर काढतो आणि त्यातील मधले दोन अंक, म्हणजे ७०, एवढेच मोठ्याने सांगतो. द्वारपालही तोच गुणाकार करते. दोघांचे जुळले की प्रवेश. ऐकणाऱ्यांच्या हाती ४६ व ७० ह्या दोन संख्या आल्या, ३७ ही आली नाही. उद्या एखाद्या लबाड मुलाने ‘७०’ असे म्हणून आत शिरण्याचा प्रयत्न केला तरी ते चालत नाही, कारण उद्या द्वारपाल ५८ म्हणेल, गुणाकार २१४६ होईल आणि उत्तर १४ असावयास पाहिजे. प्रश्न रोज नवा असल्यामुळे कालचे उत्तर आज शिळे होते.

डब्ल्यूपीए-२ मध्ये पेटी व उपकरण ह्यांच्यात जवळजवळ हेच घडते. पेटी एक यदृच्छ संख्या पाठविते, उपकरणही आपली एक यदृच्छ संख्या पाठविते, आणि परवलीच्या शब्दापासून तयार केलेल्या किल्लीशी ह्या संख्यांचे मिश्रण करून दोघेही एकमेकांस उत्तर देतात. चार निरोपांत हे काम आटोपते. परवलीचा शब्द हवेतून एकदाही जात नाही. येथे उपकरण जशी आपली ओळख पटविते तशी पेटीही आपली पटविते, ही बाब विसरू नये. शाळेच्या जाळ्याचे नाव धारण करून कोणी बाहेर तोतया पेटी उभी केली, तरी परवलीचा शब्द ठाऊक नसल्यामुळे तिला ही चार निरोपांची परीक्षा पुरी करता येत नाही.

खेळाचा खरा कस पुढे लागतो. वर्गातील एखादी चिकाटीची मुलगी वही काढते व १० पासून ९९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने ४६ ला गुणून पाहू लागते. (गुणाकार तीन अंकी आला तर अलीकडे शून्य मांडावे.) ज्या संख्येने मधले अंक ७० येतील ती गुप्त संख्या. नव्वद गुणाकारांत अशी एकच संख्या निघते : ३७. तिला शाबासकी द्यावी, कारण चोरही हेच करतो. तो शाळेत येत नाही. चार निरोप ऐकून घरी नेतो आणि तेथे यंत्राकडून एकेक शब्द घालून पाहतो. दाराशी उभे राहून चुकीचे शब्द सांगत बसला असता तर कोणाच्या तरी लक्षात आला असता. घरी बसून केलेले अनुमान कोणाला दिसत नाही.

परवलीचा शब्द किती मोठा असावा

वरच्या खेळात गुप्त संख्या दोन अंकी होती म्हणून ती एका तासिकेत सापडली. आता हिशेब मोठ्या प्रमाणावर करू. आजचे एक चांगले गणकयंत्र सेकंदाला दहा लाख शब्द तपासते असे धरावे. केवळ आकड्यांचा आठ स्थानांचा शब्द ठेवला, तर एकूण शक्यता दहा कोटी. म्हणजे शंभर सेकंदांचे काम. मुख्याध्यापकांचा मोबाइल क्रमांक हा शाळांचा आवडता परवलीचा शब्द असतो. आपल्याकडील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, तेव्हा शक्यता चारशे कोटी. ही सर्व तपासावयास ४,००० सेकंद, म्हणजे तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरतो. शिवाय तो क्रमांक शाळेच्या फलकावर रंगविलेलाच असतो.

ह्याउलट परस्परांशी संबंध नसलेले साधे मराठी शब्द चिठ्ठ्या टाकून निवडावेत व रोमन लिपीत सलग लिहावेत. दोन हजार नेहमीच्या शब्दांतून चार शब्द घेतले, तर त्याच यंत्राला सर्व शक्यता संपविण्यास सुमारे १८५ दिवस लागतात. पाच शब्द घेतले तर एक हजार वर्षांहून अधिक. एका शब्दाने एवढा फरक पडतो, हा घातांकाचा सुंदर दाखला आहे आणि सातवीच्या गणितात तो घेण्यास हरकत नाही. परवलीचा शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, त्यामुळे पाच शब्द सहज मावतात. गावाचे नाव, शाळेचे नाव, स्थापनेचे वर्ष ह्यांपैकी काहीही त्यात येऊ देऊ नये. चिठ्ठ्या खरोखरच टाकाव्यात. मनाने निवडलेले शब्द वाटतात तितके विस्कळीत नसतात.

डब्ल्यूपीए-३ मध्ये हा दोष मुळातच दूर केलेला आहे. तेथे निरोप ऐकून घरी नेले तरी त्यांवरून अनुमान तपासता येत नाही. प्रत्येक अनुमानासाठी चोराला पुन्हा पेटीच्या दाराशी यावे लागते. तसेच डब्ल्यूपीए-२ मध्ये परवलीचा शब्द ठाऊक असलेला माणूस दुसऱ्याच्या जोडणीचे आरंभीचे निरोप टिपून पुढचे दळणवळण उलगडू शकतो, ते डब्ल्यूपीए-३ मध्ये जमत नाही. म्हणून शाळेची सर्व उपकरणे नवी असतील तर केवळ डब्ल्यूपीए-३ निवडावी. जुना दूरदर्शन-पडदा किंवा छपाईयंत्र तिला ओळखत नसेल, तर दोन्हींची मिश्र पद्धती ठेवावी लागते. परंतु मग दाराची बळकटी जुन्या पद्धतीइतकीच राहते आणि पाच शब्दांची आवश्यकता कायम राहते.

हजेरीचा भ्रम

पुष्कळ शिक्षकांस दुसरी एक रीत अधिक पसंत पडते. प्रत्येक उपकरणास कारखान्यातून १२ चिन्हांचा एक पत्ता मिळालेला असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. शाळेच्या टॅबलेटांचे पत्ते पेटीत नोंदवून ‘एवढ्यांनाच येऊ द्यावे’ असे सांगता येते. हजेरीपटाची सवय असलेल्या मनाला ही व्यवस्था चटकन पटते. परंतु मान खाली घालून हजेरी घेणाऱ्या शिक्षकाची जी गत होते तीच येथे होते. क्रमांक पुकारला, मागच्या बाकावरून कोणीतरी ‘हजर’ म्हटले आणि खूण पडली. आवाज कोणाचा होता हे कोण पाहतो? मॅक पत्ते हवेतून उघडपणे जातात. ऐकणाऱ्यास ते वाचता येतात, आणि आपल्या उपकरणाला दुसऱ्याचा पत्ता लावणे हे काही मिनिटांचे काम आहे. मॅक पत्त्यांची यादी ही ओळखीची परीक्षा नव्हे. ती केवळ नोंद आहे, आणि नोंद म्हणून ती अवश्य ठेवावी.

ह्या यादीपायी एक घोटाळाही होतो. ॲण्ड्रॉइडची १० वी आवृत्ती २०१९ साली व आयफोनची १४ वी आवृत्ती २०२० साली आली, तेव्हापासून बहुतेक फोन व टॅबलेट प्रत्येक जाळ्यासाठी आपला एक बनावट पत्ता तयार करतात. मालकाच्या हालचालींचा माग कोणास काढता येऊ नये, हा त्यामागील स्तुत्य हेतू आहे. पण खोक्यावर छापलेला पत्ता पेटीत नोंदवूनही टॅबलेट जोडला जात नाही आणि शिक्षक चक्रावतात. पत्त्यातील डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बनावट पत्ता आहे असे समजावे. शाळेच्या टॅबलेटवर त्या जाळ्याच्या तपशिलात जाऊन उपकरणाचा मूळ पत्ता वापरण्याची निवड करता येते. शिक्षकांच्या स्वतःच्या फोनवर मात्र ही निवड बदलावयास लावू नये.

जाळ्याचे नाव लपवून ठेवण्याची युक्तीही कोणी सुचवितात. तिने काही साधत नाही; जोडलेली उपकरणे ते नाव उच्चारतच असतात.

प्रत्यक्ष मांडणी

मांडणीसाठी शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास राखून ठेवावा, कारण मध्येच सर्व उपकरणे तुटतात. पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर तिचा पत्ता व आरंभीचा परवलीचा शब्द लिहिलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत लिहिला की नियंत्रणपान उघडते. पहिले काम म्हणजे ह्या नियंत्रणपानाचा स्वतःचा परवलीचा शब्द बदलणे. तो जाळ्याच्या परवलीच्या शब्दाहून निराळा असावा. हे काम राहून गेले तर पुढील सर्व व्यर्थ, कारण आत शिरलेला कोणीही व्यवस्था उलटवू शकतो.

नंतर वायरलेस सिक्युरिटी ह्या सदरात जाऊन वर सांगितलेली पद्धती निवडावी व पाच शब्द घालावेत. जाळ्याचे कारखान्यातील नाव बदलावे. किल्ली तयार होताना परवलीच्या शब्दात हे नावही मिसळले जाते, आणि सर्वत्र आढळणाऱ्या नावांसाठी तयार केलेल्या याद्या चोरांजवळ असतात. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी. आठ अंकी क्रमांक घालून झटपट जोडणी देणारी ही सोय दिसावयास फार बरी. परंतु त्या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो, आणि पहिले चार व नंतरचे अंक पेटी स्वतंत्रपणे तपासते. त्यामुळे कोट्यवधी प्रयत्नांच्या ऐवजी १०,००० आणि १,००० मिळून अवघे ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ साली उघड झाला. बाहेरून नियंत्रण करू देणारी सोयही बंद असावी, आणि पेटीच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्यावी. २०१७ साली खुद्द डब्ल्यूपीए-२ च्या निरोपांत एक खोट सापडली होती व ती अशाच नव्या आवृत्त्यांनी बुजविण्यात आली.

प्रत्येक माणसाला वेगळे नाव व वेगळा परवलीचा शब्द देणारी आणखी एक पद्धती आहे. तीत ओळख तपासण्याचे काम पेटीऐवजी एक स्वतंत्र सर्व्हर करतो. महाविद्यालये व मोठी कार्यालये ती वापरतात. दोन शिक्षकी शाळेने तिच्या वाटेस जाऊ नये.

पाहुणे आणि बदल्या

बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी दुसरे जाळे निर्माण करण्याची सोय असते. ह्या जाळ्यातील उपकरणांना आंतरजाल मिळते, परंतु शाळेचा संगणक वा छपाईयंत्र दिसत नाही. निदान तशी निवड करता येते, व ती केली आहे ना हे पाहून घ्यावे. कित्येक पेट्यांत त्याची गतिमर्यादा व वेळही ठरविता येते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास आलेली आई, पीकविम्याची मुदत संपत आलेला शेतकरी, परीक्षेचा निकाल पाहू इच्छिणारी माजी विद्यार्थिनी ह्यांना दारातून परत पाठविणे शाळेला शोभत नाही. २०२० च्या टाळेबंदीने जोडणी नसलेल्या घरातील मुलांचे काय होते हे दाखवून दिले आहे. म्हणून दार बंद करण्यापेक्षा दुसरे दार काढणे बरे. त्याचा परवलीचा शब्द दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बदलावा आणि शाळेच्या वेळेत गती कमी ठेवावी.

शिक्षकांनी आपले स्वतःचे फोन ह्याच पाहुण्यांच्या जाळ्यात ठेवावेत. ही सूचना प्रथम अपमानास्पद वाटण्याचा संभव आहे. तिच्यामागे अविश्वास नाही. बदलीचा हुकूम आला म्हणजे तिचा उपयोग कळतो. सर्वांच्या फोनमध्ये मुख्य जाळ्याचा शब्द असेल तर प्रत्येक बदलीनंतर तो बदलून वीस टॅबलेट पुन्हा जोडत बसावे लागते, आणि ते काम कोणीच करीत नाही. मुख्य जाळ्याचा शब्द केवळ शाळेच्या उपकरणांत व मोहोरबंद पाकिटात असावा. पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे आणि कार्यभार देताना-घेताना यादीत त्याची नोंद व्हावी. मुख्याध्यापकच बदलले तर मात्र शब्द बदलणे भाग आहे.

येथे एक फट राहते. आजकालच्या ॲण्ड्रॉइड उपकरणावर जोडलेल्या जाळ्याचा शब्द चौकटीच्या चित्ररूपाने दाखविण्याची सोय आहे, आणि चुणचुणीत मुलांना ती मोठ्यांच्या आधी सापडते. टॅबलेटला पडद्याचे कुलूप असले, तर हे चित्र दाखविण्यापूर्वी उपकरण ते कुलूप विचारते. त्याचा क्रमांक मुलांसमोर घालू नये. टॅबलेटांचे मॅक पत्ते जडसंग्रह नोंदवहीतील त्यांच्या नोंदीपुढेच लिहून ठेवावेत, म्हणजे पेटीच्या ‘जोडलेली उपकरणे’ ह्या यादीशी ते आठवड्यातून एकदा पडताळून पाहता येतात. अनोळखी पत्ता आढळला तर तो एकटाच वगळून थांबू नये. त्याच्याजवळ परवलीचा शब्द आहे हे उघड असल्यामुळे शब्दच बदलावा.

पेटीच्या मागे टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते. ते काही सेकंद दाबून धरले की पेटी कारखान्यातून आली त्या स्थितीत परत जाते व केलेली सर्व मांडणी पुसली जाते. म्हणून पेटी मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, शक्य तर जाळीच्या कप्प्यात ठेवावी. लोखंडी कपाटात मात्र ठेवू नये, लहरी अडतात. एखाद्या सकाळी शाळेच्या जाळ्याचे नाव नाहीसे होऊन तळाच्या कागदावरील जुने नाव यादीत दिसू लागले, तर ते छिद्र कोणीतरी दाबले आहे असे समजून त्याच दिवशी सर्व मांडणी पहिल्यापासून करावी.